विंडसरची घरघर: आवाज सापडला, यंत्र नाही

कॅनडातलं विंडसर आणि अमेरिकेतलं डेट्रॉइट ही समोरासमोर वसलेली शहरं. मध्ये फक्त डेट्रॉइट नदी, आणि नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा. २०१०-११च्या सुमारास विंडसरच्या पश्चिम भागातून आणि शेजारच्या लासालमधून एकाच तऱ्हेच्या तक्रारी यायला लागल्या. रात्री घरात एक खोल, दबका, न थांबणारा आवाज येतो. दाराबाहेर कुणी डिझेलचा ट्रक चालू ठेवून निघून गेलंय असं वाटतं. कधी तासभर, कधी दिवसच्या दिवस, मग अचानक बंद. काहींच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. झोप लागायची नाही, डोकं दुखायचं, मळमळायचं. आणि त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला यातलं काहीच ऐकू यायचं नाही.

अशा प्रकरणात तक्रार करणाऱ्याची सगळ्यात जास्त फरफट होते ती इथे. नवऱ्याला ऐकू येतं, बायकोला नाही. मग आधी कानाचा डॉक्टर, नंतर मनाचा. विंडसरला हे चुकलं नाही. पण बाकीच्या ठिकाणांच्या मानाने त्यांना एक गोष्ट मिळाली: आवाज खरोखर हवेत आहे याचा पुरावा. म्हणून हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे.

आधी ताओसबद्दल थोडं सांगायला हवं, कारण विंडसरच्या तक्रारींकडे सगळे त्याच चष्म्यातून बघत होते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ताओस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या अशाच आवाजाच्या तक्रारी १९९३ मध्ये थेट अमेरिकी संसदेपर्यंत पोचल्या आणि विद्यापीठ व राष्ट्रीय प्रयोगशाळांमधल्या शास्त्रज्ञांचं पथक तिथे गेलं. त्यांनी १,४४० रहिवाशांची पाहणी केली, त्यांतल्या १६१ जणांनी आवाज ऐकू येतो असं सांगितलं. ऐकणाऱ्यांना वेगवेगळे सूर ऐकवून ‘तुमचा आवाज यातला कुठला?’ असं विचारलं, तर प्रत्येकाचा सूर वेगळा निघाला, साधारण ३२ ते ८० हर्ट्झच्या दरम्यान. उपकरणांवर मात्र या तक्रारींशी जुळणारं काहीच उमटलं नाही. शंभर माणसं एकच आवाज ऐकत असतील तर त्यांचा सूर जुळायला हवा. तो जुळला नाही, म्हणून ताओसचं बोट बाहेरच्या यंत्रापेक्षा ऐकणाऱ्याच्या श्रवणयंत्रणेकडे वळलं. त्यानंतर जगात कुठेही ‘हम’ (अशा घरघरीचं इंग्रजी नाव) म्हटलं की अधिकारी ताओसचा दाखला देऊन मोकळे होऊ लागले.

विंडसरमध्ये गोष्ट उलटी निघाली. इथला आवाज यंत्रावर उमटला, तोही एका ठरावीक जागी: ३५ हर्ट्झच्या आसपास. सेकंदाला पस्तीस कंपनं म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या खालच्या टोकाजवळचा आवाज. आपल्या कानांची मर्यादा साधारण २० हर्ट्झला सुरू होते असं पुस्तकात असतं, पण त्या टोकाला कान फार मंद असतो. साडेएकतीस हर्ट्झचा आवाज ऐकू यायला सरासरी माणसाला जवळजवळ ६० डेसिबल लागतात. माणसामाणसातला फरकही या पट्टीत मोठा असतो. एकाच्या कानाला जे उंबरठ्याच्या जरा वर आहे, ते शेजारच्याच्या कानाला जरा खाली असू शकतं. एकदा उंबरठा ओलांडला की पुढे थोडेच डेसिबल वाढले तरी आवाज झपाट्याने मोठा वाटायला लागतो. बायकोला ऐकू येत नाही आणि नवरा रात्रभर जागा, यात दोघंही खरं बोलत असतात ते असं.

आता मीटरचा घोळ. आवाज मोजायचं नेहमीचं उपकरण ‘ए’ वजन लावून आकडा देतं, म्हणजे कानाच्या मंदपणाचा हिशोब करून खालचे सूर कापून टाकतं. साडेएकतीस हर्ट्झला ही कपात ३९ डेसिबलपेक्षा जास्त असते. समजा खोलीत या सुराचा ६५ डेसिबलचा आवाज आहे. बऱ्याच जणांना तो स्पष्ट ऐकू येईल, काहींना छळेल. मीटर दाखवेल सुमारे २६. हा आकडा शांत बेडरूमचा आहे. तपासायला आलेला माणूस आकडा लिहून घेतो आणि सगळं ठीक आहे म्हणून निघून जातो. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, तीही याच ‘ए’ डेसिबलमध्ये. म्हणजे पुण्यात किंवा ठाण्यात कुणाच्या भिंतीपलीकडचा चिलर (इमारत थंड ठेवणारं यंत्र) असा घुमत असेल, तर नियमाच्या वहीत तो आवाज अस्तित्वातच नाही.

दुसरा घोळ खोलीचा. ३५ हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ९.८ मीटर, तिची निम्मी ४.९ मीटर. म्हणजे सोळा फुटांची खोली. अशा खोलीत हा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो: भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. तपासनीस खोलीच्या मध्यभागी उभा राहून कान देतो आणि मान हलवतो. पलंगाची उशी मात्र भिंतीला लागलेली असते. दोन पावलांवर आवाज आहे आणि नाही. वारंवार तक्रार करणाऱ्याला ‘भास’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्याच्या उशीवर डोकं ठेवून बघायला हवं होतं.

बरं, हा आवाज कुठून येतोय हे कानांनी ठरवता येत नाही. दिशा ओळखताना मेंदू दोन कानांवर पडणाऱ्या आवाजातला बारीक फरक वापरतो. दहा मीटरच्या लाटेपुढे दोन कानांमधलं वीतभर अंतर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आवाज सगळीकडून येतोय असं वाटतं, आणि बऱ्याचदा जमिनीखालून.

जमिनीखालून म्हटल्यावर विंडसरकरांचा पहिला संशय गेला मिठावर. या दोन्ही शहरांखाली मिठाचे प्रचंड थर आहेत आणि दोन्हीकडे खाणी आहेत. खाणीत स्फोट होतात, अवजड यंत्रं चालतात, त्यामुळे संशय अगदी बाष्कळ नव्हता. त्याखेरीज ऑन्टारिओत, म्हणजे विंडसरच्या प्रांतात, तेव्हा पवनचक्क्यांवरून वातावरण तापलेलं होतं, त्यांच्यावरही नाव गेलं. पूल, बोगदा, ट्रक, गुप्त लष्करी प्रयोग, सगळी यादी झाली. प्रांताच्या पर्यावरण खात्याने आधी आपल्या हद्दीत शोधलं. तिथे काही हाती लागलं नाही आणि रोख नदीपलीकडे गेला.

मग २०११ मध्ये कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने एक वेगळीच वाट धरली: भूकंपमापकं लावली. ऐकायला विचित्र वाटतं, पण विचार पक्का होता. हवेतल्या खोल आवाजाचा दाब जमिनीलाही हलवतो, आणि भूकंपमापक ती हालचाल टिपतं. शिवाय एका दगडात दोन पक्षी. जमिनीतून येणारी लाट सेकंदाला किलोमीटरच्या हिशोबात धावते, हवेतली साधारण ३४० मीटरने. एका केंद्राकडून दुसऱ्याकडे जायला लाटेला किती वेळ लागला, एवढ्यावरून ती खडकातून आली की हवेतून हे वेगळं काढता येतं. निष्कर्ष हवेच्या बाजूने आला. आवाज ३५ हर्ट्झच्या आसपासचा, हवेतून येणारा, आणि दिशा नदीपलीकडच्या झग बेटाच्या परिसराची. खाणी यादीतून बाद झाल्या.

झग बेट हे खरं तर बेट नव्हतं. रूज नदी डेट्रॉइट नदीला मिळते तिथली ती दलदलीची जीभ. एकोणिसाव्या शतकात कालवा खणून ती मुख्य जमिनीपासून तोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे खनिजातून लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या चालत होत्या. मालकी बदलत गेली आणि २००३ पासून हा पोलादाचा कारखाना यूएस स्टीलकडे आहे. पत्ता मिशिगन राज्यातल्या रिव्हर रूज या छोट्या गावाचा. काळ्या ढिगाऱ्यांचं, वाफेचं, आत जायला मज्जाव असलेलं बेट. अफवांना याहून सुपीक जमीन मिळाली नसती.

दिशा मिळाली. पुढे काय? इथे घोडं जे अडलं ते भौतिकशास्त्रावर नाही. आवाजाचा त्रास कॅनडात, उगम अमेरिकेत. रिव्हर रूजच्या नगरपालिकेने हा शोध आपल्याला परवडणारा नाही असं सांगितलं. मिशिगन राज्याला ऑन्टारिओतल्या मतदाराची झोप हा विषय नाही. दोन्ही देशांमध्ये सीमेवरच्या पाण्यासाठी १९०९चा करार आहे, हवेच्या प्रदूषणासाठी १९९१चा आहे. आवाजासाठी काहीच नाही. गंमत अशी की सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रदूषणाबद्दलचा जगातला सगळ्यात नावाजलेला निवाडा याच दोन देशांमधला आहे. ट्रेल या गावच्या धातू कारखान्याचा धूर वॉशिंग्टन राज्यातल्या शेतांवर जायचा, आणि १९३८ व १९४१ मध्ये लवादाने कारखान्याच्या देशाला जबाबदार धरलं. फक्त तेव्हा कारखाना कॅनडाचा होता आणि शेतं अमेरिकेची.

२०१२ मध्ये या विषयावर फोनवरून एक सभा घेतली गेली आणि तिला वीस हजारांच्या वर लोक जोडले गेले. विंडसरची लोकसंख्या साधारण दोन लाख दहा हजार. त्यातले सगळे काही आवाज ऐकणारे नव्हते, उत्सुकतेपोटी कान लावणारेही असणारच. तरी राजकारण्यांना आकडा कळतो. जानेवारी २०१३ मध्ये कॅनडाच्या सरकारने ६० हजार डॉलरचा अभ्यास जाहीर केला आणि काम दोन विद्यापीठांना वाटून दिलं: विंडसर विद्यापीठाचे ध्वनितज्ज्ञ कॉलिन नोव्हाक आणि वेस्टर्न विद्यापीठाचे पीटर ब्राउन.

ब्राउन हे मूळचे उल्कांचे अभ्यासक. उल्का वातावरणात फुटते तेव्हा कानाला ऐकू न येणाऱ्या अतिखोल लाटा शेकडो, हजारो किलोमीटर पसरतात, आणि त्या टिपायची यंत्रणा त्यांच्याकडे होती. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली आणि तिच्या स्फोटाची ताकद ठरवणाऱ्या संशोधनात ब्राउन आघाडीवर होते. एकीकडे पाचशे किलोटनांचा स्फोट, दुसरीकडे विंडसरच्या बेडरूममधली घरघर. उपकरणांचं कूळ एकच.

पण उल्का आणि कारखाना यांत एक मोठा फरक आहे. स्फोटाला सुरुवात असते. चार संवेदक मांडले, की पहिल्याला धक्का कधी बसला, दुसऱ्याला कधी, यावरून दिशा काढता येते. सलग घुमणाऱ्या सुराला सुरुवातच नसते. एक लाट दुसरीसारखी, दर अठ्ठावीस मिलिसेकंदाला नवी. संवेदक एकमेकांपासून निम्म्या लाटेपेक्षा, म्हणजे इथे पाच मीटरपेक्षा, दूर ठेवले की आपण कुठली लाट कुठल्या लाटेशी जुळवतोय हे कळेनासं होतं आणि एकाच आवाजाच्या दोन-तीन दिशा निघतात. फार जवळ ठेवले तर दिशेची अचूकता जाते. म्हणून अंतरं मुद्दाम कमीजास्त ठेवायची, आवाज कमीजास्त होतो ते चढउतार पकडायचे, आणि दोन वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या दिशा नकाशावर कुठे एकमेकींना छेदतात ते बघायचं.

वर आणखी एक पीडा: आवाज लहरी होता. तंत्रज्ञ यंत्रं लावून बसतात आणि घरघर गुडूप. वारा कुठून वाहतो, रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असा थर बसतो का, यावरही बरंच ठरतं. असा थर बसला की वर जाणारा आवाज वाकून खाली येतो आणि नदीच्या गार पाण्यावरून लांबवर पोचतो. त्यामुळे भट्टी एकाच तऱ्हेने चालू असली तरी विंडसरमध्ये एका रात्री कहर आणि दुसऱ्या रात्री काहीच नाही, असं होऊ शकतं. अशा आवाजाला चोवीस तास आपोआप नोंद करणारी यंत्रं लागतात, आणि रहिवाशांच्या नोंदी लागतात: तारीख, वेळ, किती जोराचा. मला या सगळ्या प्रकरणात त्या नोंदींचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. ‘फार त्रास होतो’ या वाक्यातून काहीच काढता येत नाही. ‘मंगळवारी रात्री २:१० ते ४:३०’ हे यंत्राच्या आलेखाशी ताडून बघता येतं, आणि ताडून जुळलं तर त्या माणसाला कुणी वेडा म्हणू शकत नाही.

२३ मे २०१४ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. घरघर खरी आहे. ती झग बेटाकडून येते. तिचा संबंध तिथल्या झोतभट्टीच्या कामाशी असण्याची दाट शक्यता आहे. आणि नेमकं कुठलं यंत्र, ते सांगता येत नाही, कारण त्यासाठी बेटाच्या जवळ जायला हवं. संशोधकांना बेटावर पाऊल ठेवायला मिळालं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण दुरुस्तीच्या दृष्टीने सगळं तिथेच आहे. झोतभट्टी म्हणजे एक यंत्र नव्हे. भट्टीत खालून तापलेली हवा जोराने सोडतात. त्या हवेसाठी अजस्र ब्लोअर असतात. हवा हजार अंशांच्या आसपास तापवायला भट्टीशेजारी तीन-चार उंच स्टोव्ह असतात. एक तापत असतो तेव्हा दुसऱ्यातून हवा जाते, मग पाळी बदलते. शिवाय वायू वाहून नेणारे माणूस उभा मावेल इतके जाड नळ, धूळ काढणारे पंखे, पाणी थंड करणारे मनोरे. यातला कुठलाही घटक ३५ हर्ट्झला घुमू शकतो. सहा पात्यांचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल तर पातं सेकंदाला बरोबर पस्तीस वेळा एका जागेवरून जातं. किंवा पंख्याचा दोषच नसेल, स्टोव्हमधली ज्योत आणि वरचा वायूचा स्तंभ यांचा सूर जुळून आवाज उठत असेल. पहिल्याला फेरे थोडे बदलले तरी पुरतं, दुसऱ्याला जळणाची मांडणी बदलावी लागते. बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

आत जायला मिळालं की काय होतं, त्यासाठी इंडियाना राज्यातलं कोकोमो बघावं. तिथे १९९९ पासून तक्रारी होत्या. शहराने स्वतः एक लाख डॉलर बाजूला काढले, जेम्स कोवन या ध्वनितज्ज्ञाच्या पथकाला काम दिलं, आणि २००३ मध्ये अहवाल आला. दोन यंत्रं नावानिशी सापडली: मोटारींच्या एका कास्टिंग कारखान्यातल्या कूलिंग टॉवरचे पंखे, ३६ हर्ट्झ, आणि एका धातू कंपनीच्या एअर कॉम्प्रेसरचं हवा ओढण्याचं तोंड, १० हर्ट्झ. दोन्हीकडे आवाज कमी करण्याचे उपाय झाले. त्यानंतरही काही रहिवासी आवाज ऐकू येतोच असं सांगत राहिले. म्हणजे एकाच गावात विंडसर आणि ताओस शेजारी शेजारी राहू शकतात. हवेतला आवाज बंद केला म्हणून प्रत्येकाची तक्रार मिटेलच असं नाही, आणि काहींची मिटली नाही म्हणून हवेतला आवाज खोटा ठरत नाही.

विंडसरमध्ये २०१४ नंतर बैठका झाल्या, पत्रं गेली, खासदार बोलले. घरघर चालू राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये यूएस स्टीलने तिथलं बरंचसं काम थांबवणार असं जाहीर केलं. कारण बाजाराचं होतं, आवाजाचं नाही. सुमारे दीड हजार कामगारांवर गदा आली. एप्रिल २०२०च्या सुमारास झोतभट्ट्या निवल्या, आणि विंडसरमध्ये लोक सांगू लागले की आवाज बंद झाला.

संशयी माणूस इथे हात वर करील: एप्रिल २०२० म्हणजे तर सगळं जगच बंद होतं. बरोबर आहे. त्या महिन्यांत जगभरच्या भूकंपमापकांवर माणसांच्या वर्दळीची थरथर खाली आली होती. तेव्हा नुसत्या त्या वसंतातल्या शांततेवरून निकाल देणं घाईचं ठरलं असतं. पण टाळेबंदी उठली, ट्रक परत आले, डेट्रॉइटचे मोटार कारखाने परत सुरू झाले. भट्ट्या परत पेटल्या नाहीत आणि घरघरही परतली नाही. कुणी मुद्दाम आखला नसता असा प्रयोग आपोआप घडून गेला आणि २०१४च्या अहवालाला दुजोरा मिळाला.

फक्त त्यात एक खोट राहिली. असा शोध नीट घ्यायचा तर यंत्रं एकेक करून थांबवायची असतात: आज ब्लोअरचा वेग थोडा उतरवला, उद्या एक स्टोव्ह बाजूला काढला, आणि प्रत्येक वेळी नदीपलीकडचा आलेख बघितला. झग बेटावर भट्ट्यांचं सगळं काम एकदम बंद झालं. त्यामुळे भट्टी दोषी होती हे जवळजवळ पक्कं झालं, पण तिच्यातला ब्लोअर, स्टोव्ह, नळ की पंखा, हे वेगळं काढायची संधीही त्याच दिवशी गेली. त्या भट्ट्या पुन्हा कधी पेटल्याच, तर विंडसरकडे दिशा आहे, सूर आहे, जुने आलेख आहेत. बेटावर जायचा परवाना नव्याने मागावा लागेल.